सेफ्टी क्रिटिकल सॉफ्टवेअरचं सर्टिफिकेशन: कोड लिहायच्या आधी काय करायचं

अंधेरी, पवई, ऐरोली या पट्ट्यात रेल्वे, मेट्रो नाहीतर मेडिकल डिव्हाइससाठी एम्बेडेड, म्हणजे यंत्राच्या आतच चालणारं, आणि सेफ्टी क्रिटिकल, म्हणजे चुकलं तर जीव जाऊ शकतो असं, सॉफ्टवेअर करणारी बरीच मंडळी आहेत आणि त्यांच्याकडून एक प्रश्न नेहमी येतो की कोड तयार आहे, टेस्टिंग पण झालंय, आता सर्टिफिकेट कसं काढायचं. तर आधी हे सांगतो की हा प्रश्न कोड तयार झाल्यावर विचारला म्हणजे फार उशीर झालाय. असेसरला, म्हणजे सर्टिफिकेटसाठी तपासणाऱ्या माणसाला, नुसता चालणारा कोड नको असतो, त्याला पुरावा लागतो. धोका कुठला ओळखला, त्यावरून कुठली रिक्वायरमेंट (सॉफ्टवेअरने नेमकं काय करायचं ते) लिहिली, ती डिझाइनमध्ये आणि कोडमध्ये कुठे आहे, कुठल्या टेस्टने तपासली आणि ती टेस्ट लिहिली कोणी, ही अख्खी साखळी दोन्ही बाजूंनी सलग लागते. शेवटच्या महिन्यात बसून ती जुळवणारे लोक असतात, पण व्हर्जन हिस्टरीतल्या तारखा बघितल्या की सगळं उघडं पडतं.

आधी स्टँडर्ड कुठलं ते ठरवा. विमानात डीओ-१७८सी, गाड्यांमध्ये आयएसओ २६२६२, मेडिकलमध्ये आयईसी ६२३०४, रेल्वेत ईएन ५०१२८, आणि त्याच्या जागी २०२३ मध्ये ईएन ५०७१६ आलंय, त्यामुळे तुमच्या टेंडरमध्ये नेमकं काय लिहिलंय ते वाचून घ्या, अंदाजावर जाऊ नका. मग लेव्हल, म्हणजे धोका किती मोठा त्यावरून काम किती कडक करायचं ते. रेल्वेत सिल (सेफ्टी इंटिग्रिटी लेव्हल) ४ पर्यंत, विमानात ए (सगळ्यात कडक) ते ई, गाड्यांत एसिल ए ते डी (इथे डी सगळ्यात कडक). ही लेव्हल सॉफ्टवेअर टीमने स्वतःच्या मनाने घ्यायची नसते, ती सिस्टिमच्या हॅझर्ड अॅनालिसिसमधून, म्हणजे काय काय धोके होऊ शकतात त्या अभ्यासातून, खाली येते. इथे एक गैरसमज खूप दिसतो. सिल ४ म्हणजे तासाला १०⁻⁹ ते १०⁻⁸ इतक्याच धोकादायक बिघाडांची मुभा, हा आकडा हार्डवेअरच्या अचानक होणाऱ्या बिघाडांना लावता येतो. सॉफ्टवेअर झिजत नाही, त्यातली चूक पहिल्या दिवसापासून आतच असते, म्हणून तिथे आकडा सिद्ध करायला जाऊ नका, तिथे तुम्ही काम कुठल्या पद्धतीने केलं तेच तपासतात.

आता रिक्वायरमेंट, आणि खरा वेळ इथेच घालवा. मेट्रोच्या दरवाजाचं उदाहरण घेऊ. "गाडी थांबल्यावर दरवाजे उघडावेत" असं लिहिलेलं मी कितीदा बघितलंय. थांबली म्हणजे काय, वेग किती खाली आला की थांबली म्हणायचं, तो तसा किती वेळ राहिला पाहिजे, आणि स्पीड सेन्सरच बंद पडून शून्य दाखवत असला तर? आणि दरवाजे कुठल्या बाजूचे? मुंबईत रोज प्रवास करणाऱ्या कोणालाही विचारा, पुढचं स्टेशन डावीकडे येणार की उजवीकडे हे त्याला तोंडपाठ असतं आणि गर्दीत माणूस विरुद्ध बाजूच्या दाराला पाठ लावून उभा असतो. ती बाजू चुकून उघडली तर तो सरळ रुळांवर. हा झाला हॅझर्ड. मग रिक्वायरमेंट अशी होते: वेग ठरलेल्या मर्यादेच्या खाली ठरलेला वेळ सलग राहिला, आणि प्लॅटफॉर्म त्याच बाजूला असल्याची खात्री झाली, आणि त्याच बाजूची ओपन कमांड आली, तरच त्या बाजूचे दरवाजे अनलॉक करावेत, आणि यातला एकही सिग्नल इनव्हॅलिड असला तर बंदच ठेवावेत. वेग आणि वेळ या दोन्ही ठिकाणी खरा आकडा हवा. प्रत्येक वाक्याला नंबर द्या आणि शेजारी हॅझर्डचा नंबर लिहा. एखादी रिक्वायरमेंट कुठल्याच वरच्या रिक्वायरमेंटला जोडता येत नसेल तर ती कुठून आली आणि तिचा सेफ्टीवर काय परिणाम, हे लिहूनच पुढे जा.

याच दरवाजावर कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये कोडचा किती भाग तपासला गेला ते, पण समजून घ्या. तीन अटी आहेत, थांबली, बाजू बरोबर, कमांड आली, आणि तिन्ही "आणि"ने जोडलेल्या. समजा कोणीतरी चुकून "आणि"च्या जागी "किंवा" टाइप केलं. तुमच्या दोन टेस्ट आहेत, एकीत तिन्ही खरं, दुसरीत तिन्ही खोटं. पहिलीत दरवाजा उघडतो, दुसरीत बंद राहतो, दोन्ही पास, रिपोर्टमध्ये डिसिजन कव्हरेज (निकाल खरा आणि खोटा दोन्ही येऊन गेला की नाही) १०० टक्के, आणि कोड मात्र धावत्या गाडीत दरवाजा उघडणारा! म्हणून डीओ-१७८सी मध्ये लेव्हल ए ला एमसीडीसी मागतात, म्हणजे प्रत्येक अट एकटीने निकाल बदलू शकते हे दाखवायचं. इथे त्याला चार टेस्ट पुरतात, एक तिन्ही खरं आणि मग एकेक अट आळीपाळीने खोटी, आणि त्यातली पहिली खोटी टेस्टच तो "किंवा" पकडते. रेल्वेतही वरच्या सिलला ब्रांच (कोडमधली प्रत्येक वाट) आणि कंपाउंड कंडिशन (एकत्र जोडलेल्या अटी) यांच्या कव्हरेजपर्यंत जावं लागतं. टेस्ट रिक्वायरमेंट वाचून लिहायच्या, कोड वाचून नाही, कव्हरेज फक्त काय सुटलं ते सांगतं.

छोट्या टीमला सगळ्यात जड जातं ते स्वतंत्रपण. ज्याने डिझाइन केलं त्यानेच व्हेरिफाय केलं हे वरच्या लेव्हलला चालत नाही. चार जणांची टीम असेल तर कोण कशाला हात लावणार नाही हे पहिल्याच दिवशी लिहून सही करून ठेवा, नंतर माणूस शोधत फिरायची वेळ येते. टूल्सचंही तसंच, कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारं टूल) किंवा टेस्ट टूल यांच्या चुकीने काय होऊ शकतं ते लिहून ठेवायचं.

जुना कोड उचलणार असाल तर जास्त सावध राहा. ४ जून १९९६ ला एरियान ५ हे रॉकेट इंजिन पेटल्यावर साधारण ३७ सेकंदांत हातचं गेलं. एरियान ४ चा कोड तसाच घेतला होता, नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, तो ६४ बिटचा आकडा १६ बिटमध्ये मावला नाही, आणि ज्या भागात हे झालं त्याची उड्डाणानंतर गरजही नव्हती. "आधीच्या प्रोजेक्टमध्ये व्यवस्थित चाललं" हे असेसरपुढे पुरत नाही, आधीच्या आणि आताच्या परिस्थितीतला फरक कागदावर दाखवावा लागतो.

भारतात दार कुठलं ठोठवायचं? भारतीय रेल्वेसाठी लखनौची आरडीएसओ (रेल्वेची संशोधन आणि मानक संस्था), मेट्रोत स्वतंत्र सेफ्टी असेसरचा रिपोर्ट आणि प्रवासी चढायच्या आधी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची परवानगी, नागरी विमानांना डीजीसीए, लष्करी विमानांना बंगळुरूची सेमिलॅक (विमान उड्डाणयोग्य आहे का ते तपासणारी संस्था), मेडिकलला सीडीएससीओ (केंद्राची औषध नियंत्रण संस्था), तिथे १ एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअर पण डिव्हाइसच्या व्याख्येत आलंय. असेसरला शेवटी नका बोलावू, सेफ्टी प्लॅन लिहून झाला की लगेच दाखवा, तेव्हा तो काढेल ती चूक एका दुपारी सुटते.

राहिली सिक्युरिटी. कॉमन क्रायटेरिया, म्हणजे आयटी सिक्युरिटी तपासायचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड, त्याचं काम आपल्याकडे एसटीक्यूसी हे सरकारी खातं बघतं, इंडस्ट्रियल कंट्रोलला आयईसी ६२४४३. पण खरी ओढाताण अशी आहे की सेफ्टीवाल्याला सर्टिफाय झालेला कोड गोठवायचा असतो आणि सिक्युरिटीवाल्याला भोक सापडलं की पॅच टाकायचा असतो, आणि दोघंही बरोबर असतात. यावर उपाय डिझाइनमध्येच करा. दरवाजा अनलॉक करणारा व्हायटल भाग, म्हणजे ज्यावर सेफ्टी अवलंबून आहे तो, लहान ठेवा, नेटवर्क, डिस्प्ले, रिमोट अपडेट हे सगळं वेगळ्या प्रोसेसरवर, आणि दोघांमधून जाणारा प्रत्येक मेसेज व्हायटल बाजूने तपासूनच घ्यायचा. मग बाहेरच्या भागाला पॅच टाकला तरी बदलाचा परिणाम कुठे कुठे होतो ते बघणारं इम्पॅक्ट अॅनालिसिस थोडक्यात होतं. व्हायटल भागाला हात लावलात तर मात्र रिक्वायरमेंटपासून परत सगळं तपासा. त्यासाठी तेव्हाचा कंपायलर, त्याची सेटिंग्ज, लायब्ररी असा पूर्ण बिल्ड सेटअप जपून ठेवा आणि अधूनमधून त्यावर जुनं रिलीज परत बिल्ड करून बाइट न बाइट जुळतंय का बघा, कारण मेट्रोचा डबा तीस वर्षं धावतो आणि तुमचा आजचा लॅपटॉप तोपर्यंत नसणार.