घराची दारिद्र्यप्रवणता कशी मोजावी

आज दारिद्र्यरेषेच्या वर असलेले घर उद्या तिच्याखाली जाण्याची शक्यता किती, हे सांगणारा आकडा म्हणजे त्या घराची दारिद्र्यप्रवणता. इंदूरच्या मालवा मिल भागात अशी पाहणी करायची असेल, तर आधी रेषा ठरवावी. दारिद्र्यरेषा ठरवण्यासाठी नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी देशाची शहरी रेषा दरडोई दरमहा १,००० रुपये होती. ती महागाई निर्देशांकाने आजच्या किमतींवर आणून घ्यावी.

उत्पन्नापेक्षा खर्च विचारावा. पोह्यांची गाडी लावणाऱ्याला महिन्याची नेमकी कमाई सांगता येत नाही, पण किराणा दुकानाच्या वहीत तेल-तांदळाची नोंद असते. ती उधारीही खर्चातच धरावी. नवखे पाहणीदार ती वगळतात आणि घर आहे त्याहून गरीब दिसते.

पुढची रीत चौधरी, जलान आणि सूर्यहादी यांनी २००२ मध्ये मांडलेली आहे. कुटुंबाचा आकार, कर्त्याचे शिक्षण, कामाचा प्रकार या घटकांवरून दरडोई खर्चाच्या लॉगचा (लॉगॅरिदमचा) अंदाज रिग्रेशनने, म्हणजे घटक आणि खर्च यांचा संबंध मांडणाऱ्या समीकरणाने, काढावा. अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतल्या फरकाचा वर्ग करून त्याचेही त्याच घटकांवर रिग्रेशन करावे, म्हणजे प्रत्येक घराचा चढउतार हाती येतो. मग त्यानुसार भार देऊन, म्हणजे जास्त चढउताराच्या घरांना कमी महत्त्व देऊन, दोन्ही समीकरणे पुन्हा सोडवावीत.

समजा, रेषा २,५०० रुपये आहे आणि दोन घरांचा अपेक्षित खर्च सारखाच, ३,००० रुपये आहे. पगारदाराच्या घरात खर्चाच्या लॉगचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप) ०.२ असेल, तर लॉगचे वितरण घंटेच्या आकाराचे (नॉर्मल) मानून रेषेखाली जाण्याची शक्यता सुमारे १८ टक्के येते. मजूर चौकात रोज काम शोधणाऱ्याच्या घरात ते ०.५ असेल, तर तीच ३६ टक्के होते. नुसती सरासरी पाहणाऱ्याला हा फरक दिसणारच नाही. घराला दारिद्र्यप्रवण म्हणण्यासाठी अनेक अभ्यासक ५० टक्क्यांची सीमा धरतात. मला २९ टक्के अधिक योग्य वाटते, कारण वर्षाला एवढी शक्यता असलेले घर दोन वर्षांत एकदा तरी घसरण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते.

एकाच फेरीच्या पाहणीत घराघरांतला फरक हाच काळानुसार होणारा चढउतार मानावा लागतो, ही या रीतीची मोठी उणीव आहे. इंदूरची हुकुमचंद कापड मिल १९९१ मध्ये बंद पडली, तेव्हा हजारो घरांची मजुरी एकदमच थांबली. असा सर्वांवर एकाच वेळी येणारा आघात या गणितात सापडत नाही. त्यासाठी त्याच घरांकडे पुन्हा जावे लागते, जसे इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेचे पाहणीदार १९७५ पासून सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातील कान्झरा येथे गेले. म्हणून पहिल्याच भेटीत घराचा क्रमांक आणि ओळखीची खूण लिहून घ्यावी, आणि दुसरी फेरी पावसाळ्यात, बांधकामाची कामे थंडावलेली असताना ठेवावी.