नगररचनेतलं पहिलं वर्ष आणि दुपारी तीनला बंद असलेलं शटर

मी मुंबईत, नायगावच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळीत वाढले. मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक, आणि मधल्या पॅसेजमध्ये दहावीच्या अभ्यासापासून साखरपुड्याच्या पंगतीपर्यंत सगळं. त्यामुळे कॉलेजात असताना वाटायचं, आपल्याला शहर काय शिकवणार हे लोक! मग सिव्हिलची डिग्री झाली, नगररचनेतलं एम. प्लॅन. (मास्टर ऑफ प्लॅनिंग) झालं, आणि आता नऊ वर्षं एका सल्लागार कंपनीत आहे. चाळीतली, कॉलेजातली मुलं अधूनमधून विचारतात, ‘ताई, टाउन प्लॅनिंगला स्कोप आहे का?’ प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

प्रवेशाचं आधी उरकते, कारण ते सगळीकडे मिळतं. बारावीनंतर थेट यायचं तर चार वर्षांचं बी. प्लॅन., त्यासाठी जेईई मेनचा पेपर २-बी. आर्किटेक्चर किंवा सिव्हिल झालं असेल तर दोन वर्षांचं एम. प्लॅन., आणि बऱ्याच ठिकाणी भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्रवाल्यांनाही दार उघडं असतं. त्यासाठीच्या गेट या प्रवेश परीक्षेत ‘आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग’ असा वेगळा पेपर आहे. संस्था म्हणाल तर दिल्लीचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर), अहमदाबादचं सेप्ट, नागपूरचं व्हीएनआयटी, पुण्याचं सीओईपी ही नेहमीची नावं. मुंबई सोडायची नसेल तर टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) शहरी धोरणाचा अभ्यासक्रम आहे. सरकारी नोकरी हवी असेल तर ‘रचना सहायक’ आणि ‘सहायक नगर रचनाकार’ या दोन पदांच्या जाहिरातींवर डोळा ठेवा. ‘ड्रॉइंग चांगलं नाही, जमेल का?’ असं विचारणाऱ्यांना सांगते, माझं आजही चांगलं नाही. टक्केवारीची गणितं आणि लोकांशी बोलणं मात्र जमायला हवं.

आता शटरचं सांगते.

नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात मला लालबागच्या एका गल्लीत सर्व्हेला पाठवलं. ‘सध्याचा जमीन वापर’, म्हणजे कुठल्या इमारतीत आज काय चालतं, त्याची नोंद. हातात शीट, त्यावर प्लॉटच्या रेषा आणि सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला प्लॉटचा क्रमांक. प्रत्येक इमारतीचे मजले मोजायचे, तळमजल्यावर काय, वर काय, ते लिहायचं. मग ऑफिसात रंग: निवासी पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा, मोकळी जागा हिरवी. दिवसाला चाळीस इमारतींचं टार्गेट होतं. दुपारचे तीन वाजलेले, मे महिना, डोक्यावर ऊन. एका चाळीखाली शटर बंद, वर पाटी नाही. मी लिहिलं, ‘निवासी, तळमजला बंद’ आणि पुढे निघाले.

संध्याकाळी ऑफिसातल्या मॅडमनी शीट पाहिलं. आवाज न चढवता विचारलं, ‘विजेचा मीटर बघितलास?’ नव्हता बघितला. ‘दाराबाहेर सिलिंडर किती होते?’ तेही नाही.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला परत गेले. शटर वर, आत चार बाकं, बाहेर रांग, आणि फुटपाथवर डब्यांची थप्पी. खानावळ होती. गल्ल्यावरच्या मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘कालची कागदवाली तूच ना गं? शटर खाली असलं म्हणून काय आत माणसं नसतात? भांडी घासत होतो आम्ही. टकटक करायचं होतंस.’ मग न विचारता ताट पुढे आलं. त्यांच्या सासूबाईंनी गिरणीवाल्यांसाठी खानावळ सुरू केली होती, गिरण्या गेल्या, आता आसपासच्या ऑफिसांत डबे जातात. पाच बायका कामाला. माझ्या शीटवर हे सगळं एका पिवळ्या चौकोनात मावलं असतं, आणि त्या शीटवरून पुढे जे तक्ते बनतात त्यात त्या गल्लीत रोजगार शून्य दिसला असता.

तेव्हापासून एक गल्ली मी तीन वेळा बघते: सकाळी दूधवाल्याच्या वेळेला, दुपारी, आणि रात्री नऊनंतर. टार्गेट देणाऱ्यांना हे आवडत नाही. त्यांचं मी ऐकून घेते.

दुसरी गोष्ट एफएसआयची. मराठीत चटईक्षेत्र निर्देशांक. प्लॉट हजार चौरस मीटरचा आणि निर्देशांक १.३३ असेल, तर १३३० चौरस मीटर बांधकाम, इतकं सोपं. बेट-शहरात, म्हणजे उपनगरं सोडून मूळ मुंबईत, हा मूळ आकडा १.३३ होता आणि उपनगरात १. मग टीडीआर (एका जमिनीवरून दुसरीकडे नेता येणारा बांधकामाचा हक्क), फंजिबल (मूळ आकड्यावर मिळणारा जादा एफएसआय), पुनर्विकासाचा प्रोत्साहनपर एफएसआय असे थर त्यावर चढतात आणि भल्याभल्यांचा गोंधळ होतो. मी तो आमच्याच चाळीवर सोडवला. एका इमारतीत ८० खोल्या. ८० गुणिले १६०, झाले १२,८०० चौरस फूट. पुनर्विकासात प्रत्येकाला ५०० फुटांचं घर, म्हणजे ४०,००० चौरस फूट. तिपटीहून जास्त, आणि यात विक्रीचे फ्लॅट, पार्किंग, जिने काहीच धरलेलं नाही. आता सांगा, टॉवर का उभा राहतो? आईला हे गणित दाखवलं तर ती म्हणाली, ‘पण पॅसेज कुठे धरलास?’ आमच्या फॉर्म्युल्यात पॅसेज बसत नाही, हे तिला कसं सांगणार!

कायदा कंटाळवाणा वाटला तरी एकदा बसून वाचाच. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. सगळं पाठ करायची गरज नाही. कलम २६ बघा, शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवण्याचं. कलम १२७ बघा: आरक्षित, म्हणजे आराखड्यात मैदानासारख्या सार्वजनिक कामासाठी राखलेली, जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत काही हललं नाही तर आरक्षणच रद्द होतं. मुंबईतली किती मैदानं कागदावर होती आणि कागदावरूनही गेली, त्याचं उत्तर या एका कलमात बऱ्यापैकी सापडतं. मसुद्याचं म्हणाल तर २०१५ साली मुंबईच्या नव्या आराखड्याच्या मसुद्यात इतक्या चुका निघाल्या की तो दुरुस्तीला परत पाठवावा लागला, आणि अखेर २०१८ मध्ये ‘विकास आराखडा २०३४’ मंजूर झाला. त्या काळात ज्या लोकांनी आपल्या गल्लीचं शीट उघडून पाहिलं, त्यांनीच चुका पकडल्या.

वाचनाइतकंच चालणंही लागतं. एखाद्या रविवारी दादर पूर्वेच्या हिंदू कॉलनीतून पारसी कॉलनीपर्यंत चाला. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या दादर-माटुंगा योजनेतून हा भाग आखला गेला. रस्त्याची रुंदी पावलांनी मोजा, दोन इमारतींमधलं अंतर बघा, झाडं कोणत्या रेषेत आहेत ते बघा. मग स्टेशन ओलांडून पश्चिमेला फुलबाजारात जा आणि तिथेही पावलं मोजून दाखवा. मला अजून जमलेलं नाही.

पगाराचं विचारतात म्हणून सांगते, माझा पहिला बावीस हजार होता, आणि बरोबरीचे सॉफ्टवेअरवाले तेव्हा दुप्पट घेत होते. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, नोकरी लागायच्या आधी शिकून घ्या. आणि कागद मिळवायला चपला झिजतात याची तयारी ठेवा. एका प्रॉपर्टी कार्डासाठी (शहरी जमिनीच्या मालकीचा उतारा) मी एका कार्यालयात अकरा खेपा घातल्या आहेत. बाराव्या खेपेला कळलं, ते पहिल्या दिवसापासून शेजारच्या कपाटात होतं.

राहता राहिला पाऊस. जूनमध्ये सर्व्हे बंद ठेवायची पद्धत आहे, शीट भिजतात म्हणून. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या शहरात पावसाळ्यात घरी बसून काय कळणार? मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी दादरजवळ हिंदमाताला जा. बशीसारखा खोलगट भाग आहे, पाणी तिथे धावतंच. भिंतीवर मातकट रेघ राहिलेली असते. दुकानदाराला विचारा, कितीला चढलं, कितीला उतरलं. मग खिशातला टेप काढा, जमिनीपासून रेघेपर्यंत मोजा, आणि आकड्यापुढे तारीख आणि वेळ लिहा.