आजोबांच्या पत्राची तारीख कशी काढावी

पत्रं ट्रंकेतून काढून झटकली, पाठपोट फोटो काढले, एवढं झालंय असं धरतो. पत्र आणि पाकीट वेगळं करू नका. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. मोडीतली पत्रं सरळ जाणकाराकडे द्या.

आता तारीख. इथेच सगळे घसरतात. पत्रावर ‘माघ शु. ५, शके १८६४’ असं काहीतरी असतं आणि जो तो सांगतो, ‘शकात ७८ मिळवा.’ अर्धवट सल्ला! शक बदलतो गुढीपाडव्याला, इसवी सन १ जानेवारीला. म्हणून चैत्र ते कार्तिक ७८ मिळवा, माघ-फाल्गुनाला ७९. मार्गशीर्षाची अखेर आणि पौष असेल, तर त्या वर्षीचं पंचांग बघितल्याशिवाय काही ठरवू नका.

मी इथेच फसलो. वरच्या मितीचं मी १९४२ केलं. त्या पत्रात आजोबांनी मुंबईची नोकरी सोडल्याचं कळवलं होतं. झालं, ‘चले जाव’च्या आधीच ते गावी परतले, असं मी दोन वर्षं घरभर सांगत सुटलो. मग एकदा भिंगातून टपालाचा शिक्का पाहिला: फेब्रुवारी १९४३. म्हणजे ऑगस्ट उलटून सहा महिने झाल्यावर! आत्याला सांगितलं, तर म्हणाली, “मला कधी विचारलंस?”

तेव्हा शिक्का आधी, गणित नंतर. शिक्के बहुधा दोन असतात, टाकल्याचा आणि पोचल्याचा. दोन्ही पुसट असतील तर तिकीट बघा. ‘नये पैसे’ असेल तर पत्र एप्रिल १९५७ नंतरचं. पत्त्यात पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचं. नसेल तर मात्र त्यावरून काहीच ठरत नाही, कित्येकांनी तो पुढेही वर्षानुवर्षं लिहिला नाही.

मितीच नसेल तर मायना वाचा. ‘ति. स्व.’, ‘सा. न. वि. वि.’ गाळून नुसता मजकूर उतरवून घेणाऱ्यांचा मला राग येतो. आमच्या पणजीच्या नावामागचं ‘सौ.’ जाऊन ‘गं. भा.’ आलं, त्या दोन पत्रांच्या मधे पणजोबा गेले. कोपरा फाडलेलं कार्ड दिसलं तर ते बहुतेक मृत्यूची बातमी देणारं. तो कोपरा चिकटवायला जाऊ नका.

काढलेली तारीख पत्रावर पेनने लिहू नका. फोटोच्या नावात लिहा, आधी सन, मग महिना.