पाइक माशांवर लिहिताना या चुका टाळा

पाइक हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. पण लांबट अंग, पुढे आलेला जबडा आणि तीक्ष्ण दात दिसले की लगेच पाइक म्हणायचं, हे आता थांबायला हवं. एका प्रदर्शनाचे फलक छपाईला जायच्या आदल्या रात्री माझ्याकडे तपासायला आले. मथळा होता 'पाइक कुळाची उत्क्रांती' आणि खाली भलंमोठं चित्र गार या वेगळ्याच कुळातल्या माशाचं! चित्र मोठं करून पाहिलं, तर अंगभर शंकरपाळ्यांसारखे चौकोनी, टणक, चकचकीत खवले एकमेकांना चिकटून बसलेले. पाइकचे खवले बारीक, गोलसर आणि गुळगुळीत असतात. तोंड बदकाच्या चोचीसारखं पसरट असतं, गारसारखं निमुळतं नाही. फलक करणाऱ्या मुलाचं म्हणणं, "मॅडम, पाठीवरचा पर तर दोघांचाही शेपटीजवळच आहे." बरोबर आहे. दबा धरून एका झेपेत भक्ष्य पकडणाऱ्या माशाला तो तिथेच उपयोगी पडतो, म्हणून दोघांत तो वेगवेगळा विकसित झाला. यांच्या वाटा डायनासोर यायच्याही आधी फुटल्या. रात्री दोनपर्यंत बसून तो फलक नव्याने केला. इंटरनेटवर शोधताना पहिलं दिसलेलं चित्र उचलायला दोन सेकंद लागतात, निस्तरायला रात्र जाते. मी आधी खवले बघते, मग तोंड आणि सगळ्यात शेवटी चित्राखालचं नाव.

नावावरही विसंबू नका. आपल्या बाजारातल्या समुद्री वामीला इंग्रजीत 'पाइक काँगर' म्हणतात, पण तिचं या कुळाशी काही नातं नाही.

उलट, अलास्का ब्लॅकफिश हा चिखलाळ पाण्यातला छोटासा मासा पाइकसारखा अजिबात दिसत नाही. पण डीएनएनुसार तो पाइकचा जवळचा नातलग आहे. पाइकच्या गटाला सगळ्यात जवळचे म्हणजे सॅमन. वाटा वेगळ्या झाल्यावर सॅमनच्या पूर्वजाचा अख्खा जनुकसंच दुप्पट झाला, पाइकचा झाला नाही. म्हणून सॅमनच्या अभ्यासात तुलनेसाठी पाइक लागतो.

'जिवंत जीवाश्म', म्हणजे कोट्यवधी वर्षांत न बदललेला जीव, हा शब्द मात्र मी दिसेल तिथे खोडते. कॅनडातल्या अल्बर्टात सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीच्या इसॉक्स टीमनाय या पाइकचा जीवाश्म सापडला. तो आजच्या पाइकसारखाच दिसतो, हे खरं. पण त्यावरून 'मासा बदललाच नाही' कसं म्हणता? उत्तरी पाइक या जातीमध्ये नर ठरवणारं एक जनुक आहे, आणि उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक पाइकमधून ते चक्क नाहीसं झालंय. इटलीतला पाइक वेगळी जात असल्याचं २०११ मध्ये कळलं, फ्रान्समधला २०१४ मध्ये. आकार टिकला म्हणजे मासा थांबला, असं होत नाही. घाईने लिहिणारे नेमके इथेच घसरतात.

आणि ६ कोटी हे कुळाचं वय म्हणून देऊ नका. अल्बर्टातच क्रिटेशस काळातले, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळातले, ७ कोटींहून जुने, एस्टेसेसॉक्स आणि ओल्डमनेसॉक्स या पाइकच्या प्राचीन नातलगांचे जबडे मिळालेत.

जर्मनीतल्या हाइलब्रोनच्या २६७ वर्षं जगलेल्या पाइकची गोष्टही कृपया देऊ नका. त्याचा म्हणून जपलेला सांगाडा तपासला, तेव्हा त्यात अनेक माशांचे मणके जोडलेले निघाले.