इस्लामिक बँकेची कामगिरी मोजताना आधी नफ्याची वाटणी तपासा

भारतात इस्लामिक बँक, म्हणजे व्याज न घेता-देता चालणारी बँक, नाही. ती आणण्याचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितले. तरी फोर्ट-बीकेसीतल्या ॲनालिस्टच्या टेबलावर दुबई, बहरीन, रियाधच्या बँकांचे अहवाल येतात, आणि आकडे भरले जातात ते आपल्या नेहमीच्या बँकांसाठी केलेल्या एक्सेल शीटमध्ये. घोळ तिथेच होतो. त्या शीटमध्ये ठेवीदाराला दिलेले व्याज हा खर्च असतो. इस्लामिक बँकेच्या मुदारबा, म्हणजे नफा-वाटणी खात्यात, ठेवीदार नफ्याचा वाटेकरी असतो.

म्हणून आधी हिशेबाचे मानक कोणते ते पाहा. आयोफी या बहरीनस्थित, इस्लामिक वित्तसंस्थांसाठी हिशेबाची मानके ठरवणाऱ्या संस्थेची मानके पाळणारी बँक या खात्यांतली रक्कम देणी आणि भागधारकांचे भांडवल यांच्या मधे वेगळी दाखवते. आयएफआरएस ही आंतरराष्ट्रीय मानके पाळणारी बँक ती सहसा देण्यांतच धरते. तुलना करण्याआधी ती दोन्हीकडे एकाच जागी आणा. गुणोत्तरे मूळ चलनातच काढा. बहरीनी दिनारचे आकडे बहुधा हजारांत असतात, त्यांचे लाख-कोटी करताना एखादे शून्य हमखास इकडेतिकडे होते.

आता वाटणी. समजा ठेवीदारांच्या ८,००० कोटींच्या निधीवर ५६० कोटी उत्पन्न झाले. त्यातून नफा समतोल राखीव निधीत (कमी नफ्याच्या वर्षी परतावा सावरायला) २० कोटी गेले, उरले ५४०. करार ६०:४० चा, म्हणजे ठेवीदारांचे ३२४ आणि बँकेचे २१६. ठेवीदारांच्या वाट्यातून आणखी ४ कोटी गुंतवणूक जोखीम राखीव निधीत (पुढच्या तोट्यासाठी) टाकले, की हातात ३२० कोटी, म्हणजे ४ टक्के. पण बाजारात ४.५ टक्के मिळत असतील तर? ठेवीदार निघून जाऊ नयेत म्हणून बँक स्वतःच्या वाट्यातले ४० कोटी सोडते. तिच्याकडे १७६ उरतात आणि कागदावरचा ४० टक्के वाटा प्रत्यक्षात ३२.६ वर येतो. हा प्रत्यक्ष वाटा सलग चार-पाच वर्षांचा काढा. आकडे अहवालातल्या टिपांमध्ये सापडतात. तो घसरत असेल आणि समतोल निधीही आटत असेल, तर नुसत्या आरओएवर (मालमत्तेवरच्या परताव्यावर) विसंबू नका. माझ्या मते हे सगळ्यात बोलके माप आहे, आणि बहुतेक जण तेच गाळतात.

थकीत येण्यांत मुराबहा, म्हणजे नफा जोडून केलेली विक्री, फसवतो. बँकेने १०० कोटींचा माल घेऊन ग्राहकाला ११२ कोटींना उधारीवर विकला, तर न कमावलेले १२ कोटी येण्यांतून वजा व्हायला हवेत. थकीत रक्कम ढोबळ आणि एकूण येणे निव्वळ, असा भागाकार केला की गुणोत्तर चुकलेच. शिवाय उशीर झाला म्हणून विक्रीची किंमत वाढवता येत नाही आणि उशिराचा दंड दानखात्यात जातो. त्यामुळे पैसे पूर्ण वसूल झाले तरी मधल्या काळाचे उत्पन्न बुडते. जुनी थकबाकी नव्या तवर्रुक व्यवहाराने (उधारीवर माल घेऊन तो लगेच रोखीत विकून पैसे उभे करण्याने) फेडून घेतलेली दिसली, तर पुनर्रचित कर्जांची टीप बारकाईने वाचा.

भांडवल पर्याप्ततेत, म्हणजे भांडवलाच्या जोखीमभारित मालमत्तेशी असलेल्या प्रमाणात, अल्फा विचारल्याशिवाय तुलना करू नका. नफा-वाटणी खात्यांच्या पैशातून उभ्या मालमत्तेचा किती हिस्सा या प्रमाणात मोजायचा, हे नियामक ठरवतो, तो अल्फा. भांडवल ८०० कोटी, जोखीमभारित मालमत्ता १०,००० कोटी, त्यातली ६,००० कोटींची नफा-वाटणी खात्यांच्या पैशातून उभी. अल्फा शून्य धरला तर प्रमाण २० टक्के, ०.३ धरला तर १३.८ आणि १ धरला तर ८. बँक तीच, फरक फक्त नियामकाचा.

खर्च-उत्पन्न गुणोत्तर काढताना इजाऱ्यावर (भाडेपट्ट्याने) दिलेल्या मालमत्तेचा घसारा भाड्यातून वजा करा. तो परिचालन खर्चात राहिला तर चांगली बँकही उधळी दिसते. सौदी बँकांचा नफा जकातपूर्व, म्हणजे इस्लाममधले अनिवार्य दान वजा होण्याआधीचा, घ्या.

शेवटी शरिया मंडळाचा, म्हणजे व्यवहार इस्लामी धर्मनियमांत बसतात का हे तपासणाऱ्यांचा, अहवाल. निषिद्ध ठरवून दानात वळवलेले उत्पन्न किती, ते एकूण उत्पन्नाच्या टक्क्यांत काढा आणि मागच्या वर्षाशी ताडून पाहा. एकदम उडी दिसली तर कोणत्या व्यवहारामुळे, हे टिपांत शोधा.