थंडी ओसरायच्या आत बिळं बुजवा: दक्षिण फ्लोरिडातल्या परसबागांसाठी

थंडी ओसरू लागली की दक्षिण फ्लोरिडात हिरव्या इग्वानाच्या, म्हणजे बागेतली झाडं खाणाऱ्या मोठ्या सरड्याच्या, माद्या अंडी घालायला जागा शोधू लागतात. त्यांना लागते उन्हात तापणारी, वाळूची, भुसभुशीत जमीन. म्हणजे नेमके आपले वाफे, कालव्याचा काठ आणि पॅटिओच्या लाद्यांखालची कड. तेव्हा या आठवड्यात खत राहू द्या, छाटणी राहू द्या. आधी मान खाली घालून बागेत एक फेरी मारा आणि बिळं शोधा.

दर वर्षी बघतो, सगळ्यांची नजर झाडावर. कुंपणावर केवढा मोठा बसलाय, कसा मान डोलावतोय, त्याचे फोटो निघतात. खाली पडलेलं भोक कुणाला दिसत नाही. एक मादी 14 ते 76 अंडी घालते. बोगदे एकमेकांत गुंतलेले असतात, सगळे मिळून 80 फुटांच्या आसपास भरू शकतात आणि त्यांना तोंडं अनेक असतात. एक तोंड बुजवून हात झटकणारा माणूस काहीच न करणाऱ्यापेक्षा फार पुढे गेलेला नसतो.

कालव्याकाठची एक बाग आठवते. मालकांनी हिवाळाभर एका थोराड नराच्या मागे पाइप घेऊन धाव घेतली. आवाजाचं यंत्र आणलं, वासाचे दाणे पसरले. कंपोस्टच्या पिंपामागे बीळ होतं, ते मी दाखवलं तर म्हणाले, "सशाचं असेल." उन्हाळ्यात पोपटी पिल्लं निघाली आणि भेंडी-चवळीचे कोवळे शेंडे रोज सकाळी खुडलेले दिसू लागले. तो नर कधीच निघून गेला होता.

बुजवण्याआधी बीळ कुणाचं ते ओळखा. तोंड खाली सपाट आणि वर कमानीसारखं, अर्धचंद्राकृती असेल तर ते गोफर कासवाचं, म्हणजे बीळ खणून राहणाऱ्या जमिनीवरच्या कासवाचं, असू शकतं. तोंडापाशी पिसं, विष्ठा, कचऱ्याचे तुकडे दिसले तर बिळात राहणारं घुबड असेल. दोघांनाही कायद्याचं संरक्षण आहे. शंका आली तर हात लावू नका, राज्याच्या वन्यजीव आयोगाला विचारा.

इग्वानाचंच आहे अशी खात्री झाली की वर्तमानपत्राचा सैल बोळा तोंडात ठेवा. दिसतील तेवढ्या सगळ्या तोंडांत ठेवा. दोन-तीन उबदार, उन्हाचे दिवस बोळे जागचे हलले नाहीत तर आत कुणी नाही असं मी धरतो. मग खडी आणि माती ठासून भरा, वर जाळीचा तुकडा दाबून मातीने झाका. प्राणी आत असताना कधीही बुजवू नका. इग्वाना परका असला तरी क्रूरताविरोधी कायदा त्यालाही लागू आहे. आणि कायदा नसता तरी जिवंत गाडणं हे काय बागकाम झालं? मेपर्यंत आठवड्यातून एकदा तीच फेरी पुन्हा मारा, कारण मादी त्याच मऊ जागी परत उकरते.

आता दुकानदार काय काय विकतो ते. आवाजाच्या यंत्राने शेजारच्या कुत्र्याशिवाय कुणी हललेलं मी पाहिलेलं नाही. डांबरगोळ्या बागेत टाकणं बेकायदा आहे, शिवाय विषारी. पिंजरा तर घेऊच नका. 29 एप्रिल 2021 पासून हिरवा इग्वाना राज्याच्या प्रतिबंधित यादीत आहे. म्हणजे पकडलेला घरी ठेवता येत नाही आणि दुसरीकडे नेऊन सोडताही येत नाही. विकणारा हे सांगत नाही, आणि तुम्ही पिंजऱ्यासमोर उभे राहता. पकडणं भागच असेल तर जाणकार व्यावसायिकाला बोलवा.

जुन्या सीडी टांगणं, वाऱ्यावर वाजणाऱ्या घंटा, पाण्याचा फवारा हे उपाय आयोगही सुचवतो. चालतात, पण एकाच जागी ठेवलेल्या सीडीखाली चार दिवसांनी इग्वाना ऊन खात पडलेला असतो. जागा बदलत राहा.

नेहमीची कामं:
- गळालेले आंबे, अंजिरं, टोमॅटो रोज उचलणे
- वाफ्यांना अर्धा इंची जाळी, तळ जमिनीत पुरून. पिल्लं मोठ्या भोकातून शिरतात
- फळझाडाच्या बुंध्याला गुळगुळीत पत्रा, 18 इंच रुंद, जमिनीपासून 18 इंच वर
- कुंपणावर, छपरावर टेकलेल्या फांद्या छाटणे
- विष्ठा हातमोजे घालून काढणे, हात आणि भाजी नीट धुणे. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूचा धोका असतो

जास्वंद हा आपल्या लोकांचा जिव्हाळ्याचा विषय. गणपतीसाठी दारात हवीच, आणि इग्वानालाही तीच सगळ्यात आवडते. लावायचीच तर जाळीच्या आत किंवा पडवीत कुंडीत लावा. गुलाब आणि ऑर्किडचंही तेच. क्रोटन, पेंटास, कण्हेर यांना तो सहसा तोंड लावत नाही. कण्हेर मात्र विषारी आहे, लहान मुलं किंवा कुत्रा असेल तर नको. लिंबूवर्गीय झाडंही बरीचशी वाचतात. माझा अंदाज असा की कढीपत्ताही त्याच कुळातला म्हणून सुटतो. माझ्या पाहण्यातल्या दोन झाडांना अजून दात लागलेला नाही. एवढ्यावर पैज मात्र लावणार नाही.

थंडीची लाट आली आणि पारा 45 फॅरनहाइटच्या खाली गेला की इग्वाना बधिर होतात, झाडावरून खाली पडतात. 2020 च्या जानेवारीत मायामीच्या हवामान कार्यालयाने तसा इशाराच दिला होता. पडलेला मेला असं समजू नका आणि दया येऊन गाडीत घालू नका; ऊब मिळाली की तो गाडीतच जागा होतो आणि शेपटीचा फटका बसतो. तिथेच राहू द्या. थंडीच्या त्या दिवसांत बिळाची परीक्षाही घेऊ नका. गारठ्याने आतला प्राणी हलतच नाही, बोळा जागेवर राहतो, आणि रिकामं समजून तुम्ही त्याच्यावर खडी ओतता. ऊन पडू द्या, मग पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजा.