गाडीचे स्पेअर पार्ट कुठून घ्यावेत?

गाडीचा एखादा भाग बदलायची वेळ आली की आपण आधी दुकान शोधतो. माझ्या मते आधी त्या भागाचा नेमका क्रमांक शोधावा, कारण तो हाती असला की कुठे जायचे हे बरेचसे त्यावरूनच ठरते. आरसीवर 17 अक्षरी चासी नंबर छापलेला असतो, मारुतीचा ‘एमए3’ने आणि टाटांचा ‘एमएटी’ने सुरू होणारा. अधिकृत डीलरच्या पार्ट काउंटरवर तो दिला की आपल्याच गाडीला लागणारा पार्ट नंबर आणि त्याची छापील किंमत संगणकावर निघते. दुकानात जाऊन नुसते ‘स्विफ्टचे ब्रेक पॅड द्या’ म्हटल्याने भागत नाही, कारण 2011 साली आलेली स्विफ्ट आणि 2018 साली आलेली स्विफ्ट यांचे सुटे भाग सरसकट एकमेकींना बसत नाहीत.

क्रमांक आणि किंमत टिपून घेतली की मग बाजार गाठावा. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाउस परिसरात स्पेअर पार्टची दुकाने ओळीने आहेत. तेथे एकच वस्तू बहुधा तीन रूपांत मिळते: गाडीच्या कंपनीच्या खोक्यात, ती वस्तू प्रत्यक्ष बनवणाऱ्याच्या खोक्यात, आणि ‘लोकल’, म्हणजे इतर कोणीतरी बनवलेली. बॉशचे फिल्टर, व्हॅलिओची क्लच प्लेट किंवा गॅब्रिएलचे शॉकअप असे दुसऱ्या प्रकारचे भाग मी नि:शंकपणे घेतो, कारण हेच उत्पादक गाड्यांच्या कंपन्यांनाही माल पुरवतात आणि किंमत सहसा कमी पडते.

शक्य असेल तेव्हा जुना भाग पुसून सोबत न्यावा. क्लच प्लेट असेल तर नवी आणि जुनी एकमेकींवर ठेवून घेर जुळतो का ते पाहावे आणि मधल्या भोकातले दाते मोजावेत. बेअरिंग असेल तर कडेवर कोरलेला क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावा. एकदा घाईत मी हे केले नाही आणि पुढच्या चाकाचे बेअरिंग बदलण्यासाठी खोललेली गाडी दोन दिवस गॅरेजात अडकून पडली. खोक्यावरची छपाई पुसट असेल, होलोग्राम उचकटलेला असेल किंवा किमतीच्या चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी असेल, तर तो माल तिथेच परत द्यावा.

जुन्या गाड्यांच्या भागांसाठी मुंबईत कुर्ल्याचा बाजार प्रसिद्ध आहे. दरवाजा, आरसा, काच, सीट, टेल लॅम्प यांसाठी तेथे जरूर जावे, पण बिल घेतल्याशिवाय काहीही उचलू नये, कारण चोरीच्या गाडीचा भाग आपल्या गळ्यात पडू शकतो. ब्रेक, स्टिअरिंग, टायमिंग बेल्ट आणि एअरबॅग मात्र वापरलेले कधीही घेऊ नयेत. यांची झीज किंवा आतला दोष बरेचदा डोळ्यांना दिसत नाही.

ज्यांच्या कंपन्यांनी भारतातली विक्री थांबवली, त्या शेवरोले आणि फियाटच्या मालकांची अडचण मोठी आहे. त्यांनी गाडीच्या नावाऐवजी इंजिनाच्या नावाने शोध घ्यावा. फियाटचे 1.3 लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन पुंटोत होते, तेच मारुतीच्या स्विफ्टमध्ये आणि टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्येही होते. त्यामुळे इंजिनाच्या आतले कितीतरी भाग आजही मिळू शकतात. माउंटिंग, सेन्सर आणि वायरिंग गाडीगणिक बदलते, तेवढे पार्ट नंबर लावून पडताळावे.

बूडमोसारख्या संकेतस्थळावर पार्ट नंबर टाकून भाव ताडून पाहता येतात. मागवण्यापूर्वी परत घेण्याच्या अटी वाचाव्यात, कारण इलेक्ट्रिकल भाग एकदा बसवला की सहसा कोणी परत घेत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट 18 टक्के झाला असून पूर्वी त्यांतल्या अनेकांवर तो 28 टक्के होता. म्हणून जुन्या साठ्यातला माल घेताना बिलावरचा कर स्वतः वाचावा आणि वॉरंटीसाठी ते बिल खोक्यासह जपून ठेवावे.